वांगी आणायला गेलेले नवरे

खानदेशातल्या माणसाला भरताची वांगी आणायला धाडलं की अर्धा तास तो कोणाचाच नसतो. ढीग उलथापालथा करतो, एकेक वांगं तळहातावर तोलून बघतो, कारण हाताला हलकं लागलं तर बी कमी. मग देठ बघतो, साल बघतो, विकणाऱ्या बाईशी हुज्जत घालतो आणि शेवटी सगळ्यात आधी उचललेलं वांगंच पिशवीत टाकून परत येतो. आमच्या डॉक्टरबाईंनी आपला अख्खा दवाखाना पुरुषजातीच्या या एका स्वभावावर चालवला होता.

दवाखाना चोपड्यात होता. पुढं तपासायची खोली, मागं बाईंचं राहतं घर आणि वर माडीवर मी आणि माझे यजमान, भाडेकरू. मी इथल्याच शाळेत भूगोल शिकवते. बायकांच्या डॉक्टर म्हणून बाईंचं नाव तालुकाभर होतं, घरमालकीण म्हणून मात्र त्या अगदीच कुचकामी होत्या. नळ गळतोय म्हणून तक्रार केली तर म्हणायच्या, "गळतोय म्हणजे पाणी येतंय. ज्यांच्या नळाला येत नाही त्यांना जाऊन सांग, ते तुझं सांत्वन करतील." आणि दार लावून घ्यायच्या. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि लगेच अगं-तुगंवर यायच्या.

आमच्याकडे बाई एकटी दवाखान्यात जात नाही. तिच्याबरोबर नवरा असतो, सासू असते, गाडी चालवायला भाऊ नाहीतर पुतण्या असतो. डॉक्टरनं विचारलं काय होतंय, की नवरा सांगतो, सासू त्याच्यात दुरुस्ती करते, भाऊ उरलेलं जोडतो, आणि जिचं दुखणं आहे ती आपल्या बांगड्यांकडे बघत बसते. बाई ही वरात जरा वेळ ऐकून घ्यायच्या आणि मग चष्मा काढून अगदी अजीजीनं म्हणायच्या, "भाऊ, एक काम होतं. आज भरीत करायचंय आणि मला मेलीला वांगं ओळखता येत नाही. जरा चार चांगली निवडून आणता का?" डॉक्टरला आपली पारख लागते म्हटल्यावर भाऊंची छाती फुगायची. पुतण्यालाही बरोबर न्यायचे. उन्हाळ्यात वांग्याच्या जागी टरबूज असायचं, कारण टरबूज वाजवून बघायलाही तेवढाच वेळ लागतो. पावसाळ्यात काय करता, असं मी विचारलं होतं. म्हणाल्या, "पावसाळ्यात ते शेतात असतात, येतातच कशाला?"

त्यामुळं हिवाळाभर मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजली जात. दवाखान्यातल्या सिस्टर, झाडणारी मावशी, आम्ही दोघं, सगळ्यांना भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. चोपड्यातल्या नवऱ्यांनी निवडलेली इतकी वांगी मी खाल्लीत की कोणाचा नवरा किती बारकाईनं बघतो हे मला चवीवरून सांगता आलं असतं.

नवरा बाहेर पडला की बाई पहिला प्रश्न विचारत तो ठरलेला असे. काय होतंय, कुठं दुखतंय, पाळी कधी आली होती, हे सगळं नंतर. आधी विचारायच्या, "सकाळपासून कोणाकोणावर ओरडलीस?" समोरची बाई गोंधळायची, मग हसायची आणि मग बोलायला लागायची. कोणी सुनेवर ओरडलेली असे, कोणी म्हशीवर, एक तर बिचारी गिरणीवाल्यावर ओरडून मग घरी येऊन रडली होती. बाईंचं म्हणणं असं की पंचेचाळिशीनंतरची बाई अंगातून वाफा निघतात हे सांगायला लाजते, झोप लागत नाही हे सांगायचं तिला सुचत नाही, पण कोणावर ओरडली ते बरोबर आठवतं, कारण ते तिला लागलेलं असतं.

त्यात आमच्याकडचा उन्हाळा या बायकांच्या मुळावर उठलेला. मे महिन्यात चोपड्यात कोणी म्हणालं की मला एकदम गरम होतं, घाम सुटतो, तर ऐकणारा म्हणणार, माय, माले काय थंडी वाजस का? भूगोल शिकवणारी मी, पण ही अडचण माझ्या कधी लक्षात आली नव्हती. थंड प्रदेशातल्या बाईचा घाम निदान दिसून तरी येत असेल, आमच्या बाईचा घाम अख्ख्या गावाच्या घामात मिसळून जातो. बाईंनी एक मोठा कूलर घेतला होता आणि त्याचं तोंड कायम पेशंटच्या खुर्चीकडे ठेवलेलं असे. त्यांना स्वतःला त्याचा वारा सोसत नसे, म्हणून ऐन मे महिन्यात त्या अंगावर शाल घेऊन बसत. नवीन माणसाला वाटायचं डॉक्टरच आजारी आहे.

"टेन्शन घेऊ नका" हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. दुसऱ्या डॉक्टरनं असं सांगितलंय, असं एखादी म्हणाली की त्या खवळायच्या. मुलीचं लग्न, नवऱ्याची दारू, सासूची गुडघेदुखी, सगळं हिच्या डोक्यावर, ते हिनं घ्यायचं नाही तर घ्यायचं कोणी, त्या डॉक्टरनं का, असं विचारायच्या. "आता वयच झालं" हे दुसरं नावडतं वाक्य. वय हा रोग असता तर त्याच्यावर मी केव्हाच इंजेक्शन शोधलं असतं, असं ठणकावून सांगायच्या. औषध द्यायच्या, कोणाला नको तर तेही स्पष्ट सांगायच्या, हाडं तपासा म्हणायच्या, दूध आणि नागली खायला लावायच्या. पण माझ्या बघण्यात बाई अर्धी तर खुर्चीतून उठतानाच बरी झालेली असे, कारण तिचं कोणीतरी पुरतं ऐकून घेतलेलं असे.

एक अडचण मात्र बाईंनाही बरेच दिवस सुटली नव्हती. हा पडला बाळंतपणाचा दवाखाना. ज्या बाईची सून किंवा लेक बाळंतपणाला आली आहे, ती स्वतः त्या बाकावर बसलेली दिसली तर गावात दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायची चोरी. सासू-सुनेला एकदमच दिवस गेले का, अशी थट्टा व्हायची. म्हणून बायका यायच्याच नाहीत. शेवटी बाईंनी यावर जो तोडगा काढला त्यात माझा बळी गेला. बाजूच्या बोळातलं फाटक माझ्या जिन्याचं होतं, आणि तिथून आत मागच्या अंगणात जाता यायचं. बाजाराच्या दिवशी दुपारी या वयाच्या बायकांनी त्या फाटकानं यायचं, कोणी हटकलं तर सांगायचं, वरच्या मॅडमकडे आलोय, मॅडमची मावशी आहे. मला काही विचारण्याची पद्धत नव्हती. शेजारच्या किराणा दुकानदारानं एकदा माझ्या यजमानांना काळजीनं विचारलं की तुमच्या सासूबाईंना एकंदर बहिणी किती.

एवढा खटाटोप त्या का करतात, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एकदा वरती पापड वाळत घालताना त्या आपणहून बोलल्या. त्यांची स्वतःची पाळी जायच्या वेळी त्यांना इतका त्रास झाला की ऑपरेशन करताना हात ओले व्हायचे, आणि आपण वेड्या होतोय की काय अशी भीती वाटायला लागली. धुळ्याच्या बाजूचं त्यांचं माहेर. तिकडे त्यांच्याबरोबर शिकलेला एक मोठा डॉक्टर होता, त्याच्याकडे गेल्या. तो हसून म्हणाला, "तुला काय सांगायचं, तुला तर सगळं माहीतच आहे." चहा पाजला आणि गाडीपर्यंत सोडायला आला. "तपासलं नाही गं त्यानं मला," बाई म्हणाल्या. "रस्ताभर मी रडत आले, आणि ड्रायव्हर म्हणाला, बाई, कोणी गेलं का?" मला त्यांची तेव्हा फार दया आली. त्यांना ते कळलं असावं, कारण लगेच त्यांनी माझ्या पापडांना नावं ठेवायला सुरुवात केली.

आता माझ्या जाऊबाईंचं सांगते, कारण बाई खऱ्या दिसल्या त्या तेव्हा.

माझे जेठ, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, गावाकडे केळी आणि कपाशी बघतात. घरात सासूबाई आणि जाऊबाई. जाऊबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या. कामाला वाघ बाई, केळीचा घड डोक्यावर घेऊन बांधावरून चालत येताना गाणं म्हणणार. ती बाई वर्षभरात पार उतरली. पाळी आली की थांबायची नाही, मग दोन-दोन महिने गायब. पहाटे घामानं भिजून उठायची, दिवसभर चिडचिड. एकदा जेठांच्या अंगावर तिनं भरलं पातेलं फेकलं आणि मग स्वतःच घाबरून गोठ्यात जाऊन बसली. नात्यातल्या कोणीतरी बाहेरगावचा एक दवाखाना सुचवला. तिथं वरवर बघून सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. पुढच्या सोमवारची तारीखही ठरली. घरात कोणाला त्याचं विशेष वाटलं नाही. त्यांच्या गल्लीत चाळिशी उलटलेल्या बहुतेक बायकांची काढलेली होती. पोरंबाळं झाली, लग्नं आली, की पिशवी काढायची, असा जणू रिवाजच. मला मात्र धस्स झालं. आधी आमच्या बाईंना दाखवू या, असा मी फोनवर हट्ट धरला. जेठ मला सहसा नाही म्हणत नाहीत.

सगळे आले. बाईंनी जेठांना वांग्यांवर धाडलं, ते गेले. मग सासूबाईंकडे बघून त्या म्हणाल्या, "अक्का, तुम्ही पण जाता का?" सासूबाईंनी मांडी ठोकली. वांगी निवडणं हे गड्यांचं काम, मी रांधणारी, असं त्यांनी बजावलं. जाऊबाईंनी माझा हात धरून ठेवला होता म्हणून मीही आतच राहिले. बाई जाऊबाईंना विचारायच्या, सासूबाई उत्तर द्यायच्या. झोप लागते का? लागते चांगली. अंगावरून किती जातं? बायकांना जातं तेवढं. शेवटी बाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, त्याच्या नळ्या सासूबाईंच्या कानात घातल्या, दुसरं टोक स्वतःच्या छातीवर धरलं आणि सांगितलं, "अक्का, माझं काळीज नीट चालतंय का बघा बरं. मधेच अडखळतं म्हणतात. नीट लक्ष द्या." आमच्या सासूबाई कोणाच्याही काळजाची जबाबदारी टाळणाऱ्यातल्या नाहीत. डोळे मिटून, भुवया आवळून त्या ऐकत बसल्या. आणि इकडे बाईंनी खुर्ची पुढं ओढून जाऊबाईंना विचारलं, "आता सांग. तुला काय वाटतं?"

जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काढीच टाका बाई."

"का गं?"

"काढी का सव्वा महिना कोनी उठाडत नही. मनी पलीकडली जाऊनी काढी, तवय ती सव्वा महिना खाटवर व्हती. नवरा चहा करी दे. घाम येस म्हनीसन कोन खाट देस, बाई?"

या बाईला मी दर दिवाळीला भेटत होते, तिच्या हातच्या पुरणपोळ्या खात होते, आणि ती एका खाटेसाठी पोट फाडून घ्यायला निघाली होती.

"म्हणजे तुला खाट पाहिजे," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन कशाला मग?" आणि सासूबाईंच्या कानातल्या नळ्या काढून त्यांना विचारलं, काय, चाललंय का नीट? सासूबाईंनी गंभीरपणे सांगितलं की चाललंय, पण घाईत चाललंय.

बाईंनी जाऊबाईंना नीट तपासलं. सोनोग्राफी करून घेतली, रक्त तपासलं, पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुना तपासायला पाठवला. वाईट काही असेल तर मीच काढीन, एक दिवस थांबणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. रिपोर्ट शनिवारी आले, तसे सगळे पुन्हा दवाखान्यात आले. वाईट काही नव्हतं. अंगात रक्त मात्र फारच कमी होतं, आणि बाकी सगळं पाळी जायच्या दिवसांतलं, औषधानं आटोक्यात येण्याजोगं.

त्या दिवशी बाईंनी कोणालाच वांगी आणायला पाठवलं नाही. सासूबाईंना तेवढं आत बोलावलं, आणि आम्हा सगळ्यांना बाहेर बसवून दार लावून घेतलं. आता अक्कांची खरडपट्टी निघणार, अशा समजुतीनं मी मनातून जरा खूशच झाले होते. आतून आवाज मात्र येईना. बऱ्याच वेळानं सासूबाई बाहेर आल्या, कोणाकडे न बघता माझा जिना चढल्या आणि माझ्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिल्या.

मग बाई जेठांशी बोलल्या. लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव थांबवायचं औषध, तीन महिन्यांनी परत तपासणी, हे सगळं समजावून सांगितलं. "आणि पथ्य ऑपरेशनचंच," त्या म्हणाल्या. "सव्वा महिना जड उचलायचं नाही, शेतात जायचं नाही, दुपारी झोपायचं. वाऱ्याच्या जागी खाट टाकून द्या. पोट फाडलं तर देणार होतात ना? मग न फाडता द्या." जेठ मान खाली घालून ऐकत होते. वाईट माणूस नाही तो, पण ठरलेलं मोडायचं म्हणजे त्यांना घाम फुटतो. नातलगानं शब्द टाकला होता, सोमवारची गाडी सांगून झाली होती. घरी विचारून कळवतो, एवढंच ते म्हणाले. मी बाईंकडे बघितलं. आता काहीतरी ठणकावतील असं वाटलं. पण त्या शाल सावरत म्हणाल्या, "मला सांगायचं तेवढं मी सांगितलं. तिला कोंडून ठेवता येत नाही मला." त्यांचा चेहरा थकलेला दिसत होता.

मी त्यांच्याबरोबरच गावी गेले. दुपारी सगळे जेवायला बसलो. जेठांनी विषय काढला की सोमवारी काय करायचं. मग स्वतःच उत्तर द्यायला लागले, की काढलेली बरी, सगळ्यांचीच काढतात, पुढची कटकट नको. जाऊबाई खाली बघून भाकरी मोडत होत्या.

सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"मनी काढी तवय माले कोनी इचारं नही," त्या म्हणाल्या. "काढी टाकी तरी अंगनी आग काय गई नही. उलटी वाढनी. रातभर वट्टावर बठी ऱ्हाऊ. तुना बापले वाटे, मी खळानी राखन करस."

आपली आई अंधारात ओट्यावर बसलेली जेठांनीही लहानपणापासून पाहिली असणार. खळ्याची राखण ही त्या घरातली कौतुकाची गोष्ट होती, नवीन सुनांना सांगायची. मलाही लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितली होती.

"आज त्या बाईनी इचारं," सासूबाई म्हणाल्या. "इतला वरीसमा पहिलांदा. हिनी ऱ्हाऊ द्या. हिले खाट द्या."

त्या घरात सासूबाईंच्या शब्दापुढं कोणी जात नाही. जेठांनी तिथंच उष्ट्या हातानं फोन लावला आणि सोमवारची गाडी नको म्हणून सांगितलं. जेवणं झाली. सवयीनं जाऊबाई ताटं गोळा करायला वाकल्या, तर सासूबाईंनी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. सुनेचं उष्टं ताट सासूनं उचललेलं त्या घरानं कधी पाहिलं नसेल. जाऊबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग जेठांनी पडवीत, वाऱ्याच्या तोंडाशी टाकलेल्या खाटेवर जाऊन आडव्या झाल्या, आधी अंग चोरून, मग हळूहळू हातपाय सैल सोडून.

मी अंगणात येऊन बाईंना फोन लावला. मला किती सांगायचं होतं. सासूबाई काय बोलल्या, जेठांचं तोंड कसं झालं, गाडी कशी रद्द झाली, आणि तुम्ही बंद दाराआड नेमकं काय केलंत. मी आनंदानं भरभर बोलायला सुरुवात केली, पण बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"झोपली का?"

मी वळून पडवीत बघितलं. जाऊबाईंचं तोंड किंचित उघडं होतं. सासूबाई खाटेशी बसून पदरानं माशा वारत होत्या.

"झोपली," मी म्हटलं.

"मग फोन ठेव की मास्तरीणबाई," त्या कुजबुजत म्हणाल्या. "उठेल ती."